गाडी शिकण्याआधी कागद शिका



सकाळी सहा-साडेसहाला ऊर्जानगरच्या वसाहतीतून एक चक्कर मारा. मागे वीज केंद्राची उंच धुराडी उभी असतात, आणि समोरच्या रस्त्यावरून एखादी जुनी चारचाकी मुंगीच्या पावलाने सरकत असते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून एखादी सूनबाई नाहीतर कॉलेजातला पोरगा बसलेला असतो. शेजारी दीर, मामा किंवा वडील. "क्लच हळू सोड, हळू!" असा आवाज येतो, गाडी एक उडी मारते आणि बंद पडते. पाहणारे हसतात. हसू द्या. आज जे पोटापाण्याला गाडी चालवतात, तेही एके काळी असेच उड्या मारत शिकले.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात गेल्या काही वर्षांत दारोदार गाडी आली. कुणाची जमीन कोळशाच्या खाणीत गेली आणि मोबदल्याचे पैसे आले. कुणाचा मुलगा नोकरीला लागला. कुणी धान-कापसाच्या पैशातून नागपूरकडची जुनी गाडी स्वस्तात आणली. आता घरात गाडी आहे म्हटल्यावर ती चालवणारी माणसे एकाहून जास्त हवीतच. रात्री-बेरात्री बाळंतीण दवाखान्यात न्यायची झाली, साप चावलेल्या माणसाला चंद्रपूरला पोहोचवायचे झाले, तर एकट्या कर्त्या माणसावर विसंबून कसे भागेल? तेव्हा पोराने शिकावे, सुनेनेही शिकावे. शिकण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आज बोलायचे आहे ते शिकण्याआधी करायच्या एका कामाबद्दल.

विलायतेतला आठ दिवसांचा विमा

ज्यांची मुले-भाचे परदेशी आहेत, त्यांच्या घरी अलीकडे एक गोष्ट कानावर येते. इंग्लंडमध्ये म्हणे गाडी शिकणाऱ्यासाठी आठ दिवसांचा, महिन्याचा असा तात्पुरता विमा मिळतो. शिकाऊ माणूस वडिलांच्या किंवा मित्राच्या गाडीवर सराव करायचे तेवढेच दिवस तो विमा घेतो. ही गोष्ट खरी आहे. मग साहजिकच विचारले जाते, "आपल्याकडे तसा विमा कुठे मिळतो? आमच्या पोराला पंधरा दिवसांचा काढून देता का?"

याचे उत्तर देण्यापूर्वी तिथला आणि इथला फरक ध्यानात घ्या. इंग्लंडमध्ये विमा बहुधा ठरावीक चालकांच्या नावाने असतो. पॉलिसीत ज्याचे नाव आहे त्याने चालवायचे. शिकाऊ पोराचे नाव त्यात नसेल, तर त्याने स्टिअरिंगला हात लावला की गाडी विम्याविना झाली. म्हणून त्याला वेगळा तात्पुरता विमा लागतो. शेजारी बसणाराही तिथे एकवीस वर्षांवरचा आणि तीन वर्षे पक्का परवाना असलेला लागतो.

आपल्याकडे विमा गाडीवर असतो. गाडीची पॉलिसी चालू असेल, तर मालकाच्या संमतीने चालवणारा योग्य परवान्याचा कुणीही माणूस त्या पॉलिसीखाली येतो. म्हणून शिकणाऱ्यासाठी वेगळी आठ-पंधरा दिवसांची पॉलिसी काढण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि तिची गरजही नाही. घरच्या गाडीच्या पॉलिसीतच शिकाऊ माणसाची सोय केलेली असते. पॉलिसीच्या कागदावर 'चालक' म्हणून एक कलम छापलेले असते. ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून एकदा वाचून घ्या. त्यात लिहिलेले असते की शिकाऊ परवाना असलेला माणूसही ही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळलेला असावा.

सगळी मेख या नियम ३ मध्ये आहे. तो पाळला तर तुमचा नेहमीचा विमा शिकणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. मोडला तर हप्ता भरूनही तुम्ही उघड्यावर पडू शकता.

नियम ३ काय सांगतो?

यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, शिकणाऱ्याजवळ शिकाऊ परवाना हवा. आपण ज्याला 'लर्निंग' म्हणतो तो. परवाना निघायचा आहे, अर्ज केला आहे, उद्या मिळणार आहे, यातले काहीही चालत नाही. आज हातात हवा, आणि त्याची मुदतही संपलेली नसावी. हा परवाना सहा महिने चालतो. त्यातले तीस दिवस पूर्ण झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

दुसरी, शिकवणारा सोबत हवा. त्याच्याजवळ त्या प्रकारच्या गाडीचा पक्का परवाना हवा, आणि वेळ आली तर गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. मागच्या सीटवर बसून मोबाइलवर बोलणारा मामा शिकवणारा ठरत नाही. घरी मोटारसायकलचा परवाना असलेला काका चारचाकीचा गुरुजी होऊ शकत नाही.

तिसरी, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर हवे. पाटी अठरा सेंटिमीटर लांब-रुंद आणि अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच, असे मापसुद्धा नियमात दिले आहे. कागदावर बोटभर 'एल' काढून काचेला चिकटवला म्हणजे झाले, असे समजू नका.

दुचाकी शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला मागे बसवू नये, हेही याच नियमात आहे.

या तीन गोष्टींना खर्च किती? शिकाऊ परवान्याचे आणि त्याच्या परीक्षेचे सरकारी शुल्क एका वर्गाला दोनशे रुपयांच्या आसपास येते. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या अर्ज आणि परीक्षा देता येते. अहेरी-भामरागडकडच्या माणसाला त्यासाठी गडचिरोलीची वारी करायलाच हवी असे राहिले नाही. 'एल'ची पाटी घरीसुद्धा करता येते. शेजारी बसणाऱ्या मामाला चहा पाजला की झाले!

धोका सातबाऱ्यापर्यंत जातो

आता कुणी म्हणेल, "एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? पोरगा वसाहतीतल्या रस्त्यावरच तर शिकतो आहे." तर ऐका. दुर्गापूर-पद्मापूरच्या बाजूने कोळशाचे ट्रक धावतात. मोहर्लीच्या वाटेला संध्याकाळी चितळ-रानडुक्कर आडवे येते. गावात शाळेची पोरे सायकलवर असतात. शिकाऊ माणसाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटरवर पडायला एक क्षण पुरतो.

समजा, असा एक अपघात झाला आणि रस्त्याने जाणारा तीस वर्षांचा एक कमावता माणूस दगावला. महिना बारा हजार मिळवत होता. घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई, म्हणजे चार माणसे त्याच्यावर अवलंबून. न्यायाधिकरण भरपाई कशी काढते पाहा. वर्षाचे उत्पन्न १,४४,००० रुपये. पुढे त्याची कमाई वाढली असती म्हणून चाळीस टक्के वाढ धरतात, ते झाले २,०१,६०० रुपये. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की उरले १,५१,२०० रुपये. तीस वर्षे वयाला सतराने गुणायचे. हिशेब झाला २५,७०,४०० रुपये. यात अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज आणखी वेगळे. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे.

पंचवीस लाख! ही रक्कम विमा कंपनीने भरली तर त्या विधवेला आधार मिळतो आणि तुमचे घरही टिकते. कंपनीने हात वर केले तर?

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००४ चा एक मोठा निकाल आहे. स्वर्णसिंग प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. त्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, आणि असा परवानाधारक गाडी चालवत असताना अपघात झाला तर केवळ तो शिकाऊ होता म्हणून कंपनीला जबाबदारी झटकता येणार नाही. शिकणाऱ्यांच्या घरांना केवढा दिलासा मिळाला, हे तुमच्या लक्षात येईल.

त्याच निकालाला दुसरी बाजूही आहे. चालकाजवळ परवाना नव्हताच, आणि मालकाने ते ठाऊक असून किंवा चौकशी न करता गाडी दिली, असे कंपनीने सिद्ध केले, तर न्यायालय कंपनीला सांगू शकते की आधी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना पैसे दे आणि मग ते मालकाकडून वसूल कर. आता घरच्याच पोराला बापाने स्वतः चावी दिली असेल, तर सिद्ध करायला राहिले काय? ही वसुली मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. तिची वाट सरळ सातबाऱ्याकडे जाते. दोनशे रुपयांच्या परवान्याचा आळस दोन एकर धानाच्या बांध्या घेऊन जाऊ शकतो.

शिकाऊ परवाना आहे पण शेजारी कुणी नव्हते, किंवा 'एल' लावला नव्हता, अशा वेळी काय होईल हे त्या-त्या प्रकरणावर ठरते. पण कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते आणि तुम्हाला तारखांमागे फिरावे लागते, एवढे नक्की. आपण जागाच ठेवू नये.

गाडीत तीन माणसे मोजा

आता जरा बारकाईने पाहू. शिकण्याच्या वेळी तीन माणसांचा जीव टांगलेला असतो. एक रस्त्यावरचा, दुसरा शेजारी बसलेला गुरुजी, तिसरा खुद्द शिकणारा. तिघांची सोय वेगवेगळी आहे.

रस्त्यावरच्या माणसासाठी असतो तो थर्ड पार्टी विमा. तो सक्तीचा आहे. आपल्या देशात ही सक्ती १ जुलै १९४६ पासून आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी चारचाकीला वर्षाचा हा हप्ता २,०९४ रुपये ठरवला होता, कर वेगळा. वरच्या पंचवीस लाखांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. विम्याविना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही.

शेजारच्या गुरुजींचे काय? इथे बरेच लोक फसतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर खासगी गाडीत फुकट बसलेला माणूस त्यात धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाने हे ठरले आहे. म्हणजे तुमच्या भल्यासाठी शेजारी बसलेल्या मामाचा पाय मोडला, तर त्या कागदावर त्याला काही मिळायचे नाही. गाडीचा 'फुल' विमा, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल, तर मात्र आत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. हे २०१२ च्या निकालात आले आहे. म्हणून ज्या वर्षी घरात कुणी शिकणार असेल, त्या वर्षी तरी फुल विमा घ्या. गाडी जुनी असल्याने तो परवडत नसेल, तर निदान बसणाऱ्या माणसांचे अपघात संरक्षण वेगळा हप्ता भरून मिळते का, हे एजंटला विचारा.

तिसरा, खुद्द शिकणारा. पॉलिसीवर मालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. घरचे समजतात, "चला, पोराची सोय झाली." तसे नाही. ते संरक्षण आरसी बुकावर ज्याचे नाव आहे त्या मालकाचे. गाडी वडिलांच्या नावावर आणि शिकणारा मुलगा असेल, तर मुलाला त्यातले काही मिळत नाही. शिकणाऱ्याच्याच चुकीने त्याला इजा झाली, तर थर्ड पार्टीतूनही त्याला मागता येत नाही. त्याच्यासाठी त्याचे नाव घालून वेगळे अपघात संरक्षण घ्यावे लागते. ते पॉलिसीला जोडून मिळते, तसे स्वतंत्र अपघात विमा पॉलिसीतही मिळते. सूनबाई शिकत असतील तर त्यांचेही नाव घाला. घरातल्या लक्ष्मीचा जीव काही कमी मोलाचा नाही.

जुनी गाडी आणि बारीकसारीक

शिकायला म्हणून पुष्कळ जण जुनी गाडी घेतात. शहाणपणाचे आहे. पण चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होऊ नये, म्हणून दोन कागद आधी पाहा. एक, विमा चालू आहे का. दोन, आरसी आपल्या नावावर करून घेतली का. गाडी घेतल्यावर विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो केला नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. विकणाऱ्यानेही सावध राहावे. कागदावर ज्याचे नाव राहिले, त्याच्याच दारी नोटीस जाते.

शिकताना गाडी खांबाला घासणे, दिवा फुटणे हे होणारच. फुल विमा असला तरी अशा प्रत्येक ओरखड्याला क्लेम करू नका. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले एक हजार रुपये आपल्यालाच भरावे लागतात. प्लॅस्टिकच्या भागांचे साध्या पॉलिसीत निम्मेच मिळतात. शिवाय वर्षभर क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात जी सूट मिळते, ती जाते. ही सूट पहिल्या वर्षाला वीस टक्के आणि वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत असते. पाचशेच्या दिव्यासाठी दोन हजारांची सूट घालवण्यात अर्थ नाही. आणि हो, स्वतःच्याच गोठ्याची भिंत पाडली तर थर्ड पार्टीत ती भरून मिळत नाही. तो दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा आहे.

घरच्या गाडीवर गावातल्या पोरांना पैसे घेऊन शिकवू नका. तो धंदा झाला, आणि खासगी गाडीची पॉलिसी भाड्या-धंद्याच्या वापराला लागू होत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी चार पैसे टाकून परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सुरुवात करावी हे उत्तम. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो.

ट्रॅक्टरबद्दल दोन शब्द. आपली पोरे गाडीआधी ट्रॅक्टरच शिकतात. पण बहुतेक ट्रॅक्टरवर शेजारी नीट बसायला जागा नसते, आणि मडगार्डवर बसलेला माणूस कधी चाकाखाली जाईल सांगता येत नाही. म्हणून ट्रॅक्टर शिकायचा तो ट्रॉली सोडून, मोकळ्या वावरात, धुऱ्यापासून दूर, आणि तोही शिकाऊ परवाना काढूनच. शिकाऊ पोराच्या हाती ट्रॉली देऊन तीत रोवणीच्या बाया बसवणे हे तर पाप समजा. शेतमालाच्या ट्रॉलीत माणसे बसवली की विम्याचा आधार सुटतो, आणि माणूस गेला तर पैसा आला तरी काय कामाचा?

अठराच्या आतले पोर

ही गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. रागावू नका. "आमचा बंटी नववीत आहे, पण काय गाडी चालवतो!" असे कौतुक बाप चारचौघांत करतो. गाडीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज निघत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला फक्त बिनगिअरची, पन्नास सीसीच्या आतली दुचाकी चालते, आणि आजच्या बहुतेक पेट्रोलच्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने कायदा फार कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ज्या पोराला पुढे ड्रायव्हरची किंवा खाणीत डंपरवर नोकरी मिळाली असती, त्याची वाट बापाच्या कौतुकाने बंद होते.

अपघात झालाच तर

देव न करो, पण झालाच, तर आधी जखमीला दवाखान्यात न्या. कायदाही तेच सांगतो. मग चोवीस तासांच्या आत पोलिसांना आणि लगेच विमा कंपनीला कळवा. गाडीचे आणि जागेचे फोटो काढून ठेवा.

एक वाईट खोड आपल्याकडे आहे. गाडी चालवत असतो शिकाऊ पोरगा, आणि पोलिस येईपर्यंत स्टिअरिंगवर बसवला जातो परवानावाला काका. "काही होत नाही, काकांचे नाव लावा," असे सांगणारे शहाणेही तिथे हजर असतात. हे कधीही करू नका. बघणारे असतात, कॅमेरे असतात, मोबाइल असतात. खोटे उघडे पडले की विमाही जातो आणि काका-पुतण्या दोघेही नव्या गुन्ह्यात अडकतात. आणि मुख्य म्हणजे या खोट्याची गरजच नाही! पोराजवळ शिकाऊ परवाना असेल, काका शेजारी बसलेले असतील आणि पाटी लावलेली असेल, तर खरे सांगण्यातच तुमचा बचाव आहे. नियम पाळणाऱ्याला खोटे बोलावे लागत नाही.

तेव्हा मंडळी, तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. या रविवारी गाडी बाहेर काढण्याआधी घरच्यांना एकत्र बसवा. पॉलिसी काढा आणि तिची मुदत कधी संपते ते पाहा. नुसता थर्ड पार्टी आहे की फुल, हे पाहा. आरसीवर कुणाचे नाव आहे ते पाहा. शिकणाऱ्याचा परवाना निघाला का, शिकवणाऱ्याचा चालू आहे का, हे विचारा. मग पुढे-मागे 'एल'ची पाटी लावा, देवाचे नाव घ्या आणि किल्ली फिरवा.

गाडी उडी मारून बंद पडली, तर पडू द्या. ती पुन्हा चालू होते. घर एकदा बंद पडले की पुन्हा चालू करणे फार अवघड असते.